बागेतल्या गाडीचे डायवरसाब

कुठूनही निघताना ते आधी मागे वळून बघायचे. चहाच्या टपरीवरून सायकलवर टांग टाकायची असो की लग्नाच्या मांडवातून बाहेर पडायचं असो, मान वळवायची, हात खांद्याच्या वर उचलायचा आणि खणखणीत आवाजात विचारायचं, "राईट हाय का?" कुणीतरी "हाय" म्हटल्याशिवाय त्यांचं पाऊल उचलायचं नाही. टपरीवाला कामात असला तर हे सायकल धरून तसेच उभे. शेवटी एखादं अनोळखी गिऱ्हाईकच वैतागून म्हणायचं, "हाय हो, राईट हाय, जावा आता!" मग गडी खूश होऊन पायडल मारायचा.

असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. त्याच्या खोडीला सगळे हसतात आणि चार दिवस तो दिसला नाही तर चुकल्यासारखं होतं. आमचे डायवरसाब त्यातले.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. कचेऱ्या भाड्याच्या घरांत भरत होत्या आणि जुन्या पाट्यांवरचं 'उस्मानाबाद' खरवडून काढता काढता रंगाऱ्यांच्या नाकी नऊ आले होते. जिल्हा झाला म्हणजे पाहुण्यांना दाखवायला काहीतरी हवं, असं गावातल्या जाणत्या मंडळींना वाटू लागलं. आता आमच्याकडे दाखवण्यासारखं काय? तूर आणि कडबा. मग कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की गावाबाहेरच्या बागेत खरीखुरी आगगाडी फिरवावी. आमच्याकडे येणारी रेल्वेही लहान रुळांचीच, बार्शीकडून डुलत डुलत येणारी. त्या लाइनवरचं मोडीत निघालेलं वाफेचं एक छोटं इंजिन आणि दोन उघडे डबे मिळाले, आणि बागेभोवती गोल रूळ पडले.

मी बागेच्या कमिटीचा कारकून. तिकिटं फाडायची, माळ्यांवर ओरडायचं आणि गाडी सुटताना शेवटच्या डब्यातून हिरवं निशाण दाखवून 'राईट हाय' ओरडायचं, ही तिन्ही कामं माझ्याच गळ्यात. त्या निशाणामुळे डायवरसाब मला पहिल्या दिवसापासून 'गार्डसाब' म्हणू लागले. आधी मला ती थट्टा वाटली. पण हा माणूस थट्टा करणाऱ्यातला नव्हता.

ते त्याच लाइनवरून रिटायर होऊन आलेले. उंच, हडकुळे, आणि भुवया भट्टीच्या आचेने कायमच्या उडालेल्या. त्यामुळे चेहरा सदा आश्चर्यात पडल्यासारखा. पहाटेच येऊन बाभळीच्या लाकडांवर आग धरायची, मग कोळसा, मग हळूहळू वाफ. एकदा कमिटीचे एक मेंबर अवेळी पाहुणे घेऊन आले आणि म्हणाले, "चालू करा की लवकर."

"सायेब, ही काय मोटार हाय का?" डायवरसाब म्हणाले. "बाई झोपलीय. उठवून राहिलो न्हवं का!"

पाहुणे उन्हात शेंगा फोडत बसले. बाईंनी आपला वेळ घेतला.

गाडी निघायची तिथेच परत यायची, हे बहुधा त्यांना मनातून पटत नसावं. म्हणून त्यांनी बार्शीच्या लाइनवरची स्टेशनं बागेतच करून टाकली होती. कडुनिंबाचं झाड आलं की ओरडायचे, "मुरुऽऽड!" झोपाळ्यांपाशी ढोकी, नळापाशी येडशी. पोरं खिदळायची. पण एकदा गाठोडं घेतलेली एक म्हातारी कधी गाडीत चढून बसली ते आम्हाला कळलंच नाही. कडुनिंबापाशी 'मुरुड' ऐकून ती गाठोडं घेऊन उठली आणि इकडे तिकडे बघून म्हणाली, "हे मुरुड कसलं रं मेल्या? ही तर बाग हाय!"

"आई, ही गाडी हितवरच जाती," डायवरसाब ओशाळून म्हणाले.

"मग कशाला वरडलास?"

दुपारी आग निवल्यावर त्यांनी तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं आणि खऱ्या स्टेशनावर नेऊन मुरुडच्या गाडीत खिडकीची जागा धरून दिली. दुसऱ्या दिवसापासून स्टेशनं काही बंद झाली नाहीत. फक्त ओरडण्याआधी ते डब्यात कुणाजवळ गाठोडं आहे का ते बघू लागले.

बागेमागच्या एका खोलीत ते एकटेच राहायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक लेक आंध्राच्या सीमेवर देगलूरला दिलेली. "नातवंडं लई गोड हायेत," ते सांगायचे, "पण तेलगूत रडत्यात. काय पायजे ते मला समजना. मी आपला खाऊ देत राहतो." हे सांगताना ते हसायचे, मीही हसायचो, आणि नंतर घरी जेवताना मला उगाच त्यांची खोली आठवायची. खोलीचं दार ओढून निघताना ते कुणाला "राईट हाय का" विचारत असतील, असं मनात यायचं.

एका रविवारी कुर्डुवाडीकडचे एक रिटायर गृहस्थ नातवांना घेऊन बागेत आले. पांढरे मिशीवाले, धिप्पाड. इंजिनाजवळ येऊन त्यांनी डायवरसाबांकडे निरखून बघितलं आणि ओरडले, "अरे, तू इथं? आणि डायवर?"

डायवरसाब खाली उतरले. हात पुसून त्यांनी गृहस्थांच्या पायाला हात लावला. तेव्हा मला कळलं की आमचे डायवरसाब जन्मात कधी डायवर नव्हते. सगळी नोकरी त्यांनी फायरमन म्हणून, भट्टीत कोळसा ओढत काढली होती, आणि त्यातली बरीचशी या गृहस्थांच्या हाताखाली. लाल-हिरव्या रंगाच्या परीक्षेत डोळे नापास झाले आणि बढती राहिली ती राहिलीच. मला वाटलं, आता हा माणूस शरमेने अर्धा होणार.

झालं भलतंच. गृहस्थ वर चढले आणि सवयीने डायवरच्या जागेवर बसले. आमच्या माणसाने फावडं उचललं. मी निशाण दाखवलं. गाडी चालू लागली आणि वरून हाक आली, "पाणी?"

"पाऊण काच, साब!"

"आग?"

"लाल हाय, साब!"

ही काच म्हणजे इंजिनाच्या पोटात पाणी किती आहे ते दाखवणारी उभी नळी. काच रिकामी झाली की आगीवरचं लोखंड उघडं पडतं, मग इंजिन फुटूही शकतं. म्हणून फायरमनने डोळा काचेवर ठेवायचा आणि डायवरने विचारलं की उत्तर द्यायचं. जन्मभर हा माणूस उत्तर देत आला होता. डायवर झाल्यावर विचारणारंच कुणी उरलं नव्हतं. त्या फेरीत त्यांचा चेहरा मी वळणावरून बघितला. इतका आनंदी चेहरा मी त्यांचा आधी बघितला नव्हता आणि नंतरही नाही. गृहस्थ गेल्यावर मात्र ते बराच वेळ रुळावर बसून होते. "लई कडक माणूस," एवढंच म्हणाले. "पण साथ होती."

त्या वर्षी पाऊस झाला नाही. पुढच्या वर्षीही नाही. बागेची हिरवळ गेली, मग झाडं गेली, मग माळी गेले. गावाला टँकर सुरू झाले. बागेची विहीर तळाला टेकली तेव्हा कमिटीने गाडी बंद केली, आणि त्यात चूक काही नव्हती. माणसं घागरी घेऊन रांगेत उभी असताना पाण्याची वाफ करून हवेत सोडणं कुणालाही बघवलं नसतं.

डायवरसाबांनाही ते पटलं होतं. त्यांचं म्हणणं एवढंच की इंजिनाच्या पोटातलं पाणी सोडायचं नाही. "एक तर गच्च भरून ठेवायचं, न्हाईतर पार कोरडं करायचं. अर्धं ठेवलं की गंज खातोय." त्यांनी गच्च भरून ठेवलं होतं. पाऊस येईल, विहीर भरेल, सकाळी फक्त आग धरायची की बाई तयार. एकदा पोट कोरडं केलं की ते पुन्हा कोण भरणार, याची त्यांना धास्ती होती. त्या धास्तीने ते दिवसभर इंजिनाजवळ बसून राहायचे.

बागेमागच्या वस्तीला पाण्याचा वास लागायला वेळ लागला नाही. बायका आल्या. डायवरसाबांनी हात आडवा घातला. "औषधाचं पाणी हाय. सोडा टाकलाय त्यात."

"सोडा हाय?" एक बाई म्हणाली. "मग तर लईच झाक! धुण्याला इकत आणावा लागतोय."

बायका हसल्या. डायवरसाब चिडले. मी त्यांना चिडलेलं पहिल्यांदाच बघत होतो. "ह्या इंजनाला हात लावायचा न्हाई," ते ओरडले आणि आवाज फाटला. बायका गेल्या. ती बाई मात्र जागची हलली नाही.

"काका," ती शांतपणे म्हणाली, "टँकरचं पेयालाच पुरंना. घरात लेक बाळंत झालीय. बाळाची दुपटी दोन दिस झालं तशीच पडल्यात. धुवू कशात?"

ती गेल्यावर डायवरसाब फडक्याने इंजिनाची काच पुसत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझी लेक झाली तवा मी लाइनवर होतो. तिला दोन पोरं झाली तवाबी लाइनवर. पाण्याची तंगी व्हती का, धुणं कुणी धुतलं, काय बी ठावं न्हाई मला." आणि मग, "गार्डसाब, उद्या सकाळी जरा लवकर या. वर बसाया माणूस लागंल."

सकाळी गेलो तर वस्तीतल्या बायकांची रांग लागलेली. डायवरसाबांनीच सांगून बोलावलं होतं. मला त्यांनी डायवरच्या जागेवर बसवलं आणि स्वतः पाना घेऊन इंजिनाखाली शिरले. खालून हाक आली, "गार्डसाब, पाणी इचारा की!"

मला कळेना काय म्हणायचं. मग कळलं. "पाणी?" मी ओरडलो.

"तुमी वर हाव, तुमीच काच बगून सांगा. आज उलटं हाय."

मी सांगत गेलो. पाऊण काच. अर्धी काच. खाली घागरी, बादल्या, तेलाचे डबे भरत होते, बायका एकमेकींना ढकलत होत्या, पाणी पिवळसर आणि कोमट होतं. काचेतली पाण्याची रेघ खाली खाली सरकत गेली आणि दिसेनाशी झाली. एवढी वर्षं ज्या माणसाने ते शब्द कधी तोंडातून निघू दिले नव्हते, त्याला ते मी सांगायचे होते.

"बोला की! काय हाय?"

"काच रिकामी," मी म्हणालो.

रांग अजून अर्धी उरली होती आणि इंजिनाच्या पोटातलं खालचं पाणी वाहतच होतं. ती बाळंतिणीची आई दोन घागरी घेऊन गेली तेव्हा इंजिनाखाली वाकून काहीतरी बोलली. ते मला ऐकू आलं नाही. डायवरसाब बाहेर आले तेव्हा नखशिखान्त भिजलेले होते, त्यामुळे रडले की नाही तेही सांगता येत नाही. मी मात्र रडलो.

त्यानंतर त्यांनी बारीक जाळ करून इंजिन आतून वाळवलं. मग बाजारातून कळीचा चुना आणला आणि पत्र्याच्या तबकांत घालून पोटात आणि भट्टीत ठेवला. हवेतला ओलावा लोखंडाला खातो आणि चुना तो ओलावा ओढून घेतो, असं त्यांनी मला समजावलं. "कळी फुलून पीठ झाली की बदलायची. बदलत राहिलं तर किती बी वर्सं जाऊ द्या, बाई आजच्यावानी राहील."

मग ते देगलूरला लेकीकडे गेले. डोळे अधू झाले होते आणि इथं काम उरलं नव्हतं. पुढे पाऊस बरा झाला, विहीर भरली, पण गाडी काही सुरू झाली नाही. कमिटीत नवी मंडळी आली होती, त्यांना कारंजं हवं होतं. दुष्काळ विसरायला आम्हाला फार वेळ लागत नाही, हे तुम्हीही बघितलं असेलच.

बऱ्याच दिवसांनी बागेचा राखणदार बोलता बोलता म्हणाला, "डायवरसाब येऊन गेले काल." मी चमकलो. ते अधूनमधून देगलूरहून एसटीने यायचे, चुना बदलायचे, भाकरी खायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत. नेमके माझ्या सुट्टीच्या दिवशी.

"मला का नाही भेटत?" मी विचारलं.

राखणदार घुटमळला. "ते म्हणत्यात, गार्डसाब दिसले की गाडी कवा सुरू व्हणार म्हणून इचारावं वाटंल. मग त्यांना न्हाई म्हणावं लागंल. कशाला त्यांना तरास?"

त्यानंतर सुट्टीच्या दिवशी बागेकडे जायचं मी मुद्दाम टाळू लागलो. त्यांना त्यांचा एक दिवस सुखाने मिळावा, एवढंच माझ्या हातात होतं.

मग एकदा बरेच महिने राखणदाराने डायवरसाब आल्याचं सांगितलंच नाही. मीही विचारलं नाही. एका दुपारी इंजिनावर चढलो आणि भट्टीचं दार उघडलं. तबकांतल्या सगळ्या कळ्या फुलून पीठ झालं होतं, आणि ते काठांवरून ओघळून जाळीवर पांढरंफटक सांडलं होतं. मी तिथेच बसून राहिलो. देगलूरला पत्र टाकावं असं मनात आलं, पण उत्तर काय येणार ते समोर दिसत होतं.

ऊन कलल्यावर उठलो, तबकं झटकून साफ केली आणि कळीचा चुना आणायला बाजाराकडे निघालो.