जावयाची सही

आमच्या घरात ब्रिटिश कायदा म्हणजे माझा धाकटा चुलत भाऊ. इंग्लंडमध्ये एका वकिलाच्या ऑफिसात तो पंचवीस वर्षं कारकून होता. वकील नव्हता, पण आमच्या लेखी वकिलाहून मोठा. घरमालक डिपॉझिट परत देत नाही, दुकानदार नादुरुस्त किटली बदलून देत नाही, काहीही झालं की त्याला फोन. शेजाऱ्याच्या झाडाची फांदी आपल्या बागेत आली तर? "खुशाल काप ताई, हद्दीपर्यंत काप. पण कापलेली फांदी त्याचीच बरं का, ती आपण ठेवून घ्यायची नाही!" हे तो इतकं रंगवून सांगायचा की ज्यांना त्या कायद्याचा काडीचा उपयोग नाही असे आम्ही, जर्मनीत तीस वर्षं राहिलेले, रविवारी फोन स्पीकरवर टाकून त्याला ऐकत बसायचो.

मला सख्खं भावंड नाही. आईवडील गेल्यावर पुण्याचा फ्लॅटही विकला. माहेर म्हणून जे काही उरलं होतं ते इंग्लंडमध्ये, हा भाऊ आणि आमची आत्या. आत्याने तिथे आयुष्यभर नर्सची नोकरी केली. यजमान लवकर गेले, मूलबाळ नाही. तिच्या लाल विटांच्या चिंचोळ्या घरात मी शिकायला असताना दोन वर्षं राहिले होते, आणि लग्नानंतरही दर उन्हाळ्यात पंधरा दिवस जायचे. तिथे मला सकाळी कोणी उठवत नसे. दळणाच्या डब्यापासून औषधाच्या खणापर्यंत सगळं कुठे आहे ते मला डोळे मिटून सांगता आलं असतं. "मला माहेर नाही असं पुन्हा म्हणू नकोस," आत्या एकदा रागावून म्हणाली होती, "हे घर माझ्यामागे तुझंच आहे."

तसं लिहून ठेवायचं तिने ठरवलं ते आमच्याकडे नेकारसुल्मला आलेली असताना. भाऊ आणि भावजय तिला घेऊन आठ दिवसांसाठी आले होते. मृत्युपत्राचा कागद भावाने घरीच टाइप करून आणला होता. परक्या वकिलाकडे कशाला जायचं, म्हणाला. कागद सोपा होता. घर मला, आणि बाकी जे काही असेल ते भावाला. आत्याने सही करताना दोन साक्षीदार समोर हवेत आणि त्यांनीही तिथेच सह्या करायच्या, एवढंच त्याने आम्हाला समजावलं. इथे जर्मनीत माणूस स्वतःच्या हाताने सगळं लिहून खाली सही करतो, की झालं. साक्षीदार वगैरे काही लागत नाहीत. त्यामुळे तो सांगेल तेच आम्हाला प्रमाण.

रविवारी सकाळी पोहे झाल्यावर सगळे टेबलाभोवती बसलो. आत्याने पेन उघडलं आणि माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणाली, "साक्षीला पहिली सही जावईबापूंची. तो मान त्यांचा."

हे आम्हा लोकांचंच डोकं. नारळ फोडायचा असो की फोटोत मधे उभं राहायचं असो, जावई दिसला की मान त्याला. तिच्या मनात तेवढंच होतं. नवरा लाजला, "अहो आत्या, मी कशाला," म्हणाला, आणि मनातून खूश झाला. तीस वर्षांत माझ्या माहेरच्या कुठल्याही गोष्टीत त्यांना कोणी असं पुढे केलं नव्हतं. त्यांनी उठून स्वेटर बदलला आणि शर्ट घालून आले.

भाऊ हे सगळं बघत होता. तो काही बोलला नाही.

दुसरी साक्षीदार आमची शेजारीण, पण ती चर्चहून यायला वेळ होता. आत्या दमली होती, तिला आडवं व्हायचं होतं. भावजय म्हणाली, "मी करते की दुसरी सही. कशाला थांबायचं?" आणि तिने पेनाकडे हात केला.

"तू नाही," भाऊ म्हणाला. इतक्या झटकन की आम्ही सगळ्यांनीच त्याच्याकडे पाहिलं. मग हसून म्हणाला, "येऊ दे ना बाईंना. घाई काय आहे?"

अर्धा तास थांबलो. शेजारीण आली, आत्याने सही केली, नवऱ्याने केली, शेजारणीने केली. मी सगळ्यांना पुन्हा चहा दिला.

दीड वर्षाने आत्या गेली. तिला पोचवून आल्यावर दोन महिन्यांनी इंग्लंडच्या एका वकिलाचं पत्र आलं. मी ते तीनदा वाचलं. मृत्युपत्र कायदेशीर होतं. फक्त माझ्या नावाची ओळ रद्द होती. तिथल्या कायद्याने साक्षीदाराला, किंवा साक्षीदाराच्या बायकोला अगर नवऱ्याला, त्या मृत्युपत्रातून काही मिळत नाही. म्हणून घर 'बाकी जे काही असेल ते' यात जमा झालं.

मी लगेच भावाला फोन केला. खरं सांगते, तेव्हा माझ्या मनात शंका नव्हती. आपल्या दोघांवर संकट आलंय आणि आता हाच काहीतरी मार्ग काढेल, असंच वाटत होतं.

"ताई, कायदाच तसा आहे गं," तो म्हणाला. "माझ्या हातात काय आहे?"

त्याच्या हातात काय आहे ते मला दुसऱ्या एका वकीलबाईंनी सांगितलं. व्हिडिओवर अर्धा तास बोलणं झालं. त्या म्हणाल्या, भावाची इच्छा असेल तर तो आजही घर तुमच्या नावावर करू शकतो, कायदा त्याला अडवत नाही. आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "इतकी वर्षं हेच काम करणाऱ्या माणसाला हा नियम माहीत नव्हता?"

त्या क्षणी मला भावजयीचा पुढे आलेला हात दिसला. तिने सही केली असती तर तिच्या नवऱ्याचा वाटा गेला असता. नियम त्याला माहीत होता. आपल्या बायकोचा हात त्याने अडवला आणि माझ्या नवऱ्याचा मान होऊ दिला.  मी नीट निरोपसुद्धा न घेता लॅपटॉप बंद केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला पुन्हा फोन केला. घर नावावर करण्याबद्दल विचारलं, तर म्हणाला, "बघू. मुलांचाही विचार करावा लागतो."

"त्या दिवशी बायकोला सही का करू दिली नाहीस?"

 तो हळूच म्हणाला, "तुझ्या लक्षात आहे ते?"

नाही म्हणाला असता, आठवत नाही म्हणाला असता, तर मी मूर्खासारखा विश्वास ठेवला असता. मला ठेवायचाच होता. ज्याला मी पहिलीत बोट धरून शाळेत नेलं, तो माझी आठवण किती पक्की आहे ते तपासत होता. मी फोन ठेवला. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही, आणि आता मला त्याच्याकडून काही नकोच आहे.

मागे वळले तर नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा. सगळं ऐकलं होतं त्यांनी. पत्र आल्यापासून ते घरात माझ्याशी जरा जपूनच वागत होते. ओटा पुसायचे, न सांगता दूध आणायचे.

"माझ्या सहीमुळे गेलं ना तुझं घर?" त्यांनी विचारलं.

उत्तर मला माहीत होतं. तुम्ही काही केलं नाहीत, आत्याने प्रेमाने पुढे केलं आणि भावाने जाणूनबुजून गप्प राहून आपल्या दोघांना फसवलं, एवढंच म्हणायचं होतं. ते ओठावर होतं. पण ज्याला बोलायचं तो हजार किलोमीटरवर होता, आणि हे समोर.

"तुम्हाला पुढे पुढे करायची काय गरज होती?" मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. "या," ते म्हणाले, इथले जर्मन लोक 'हो'साठी म्हणतात तसं, "नव्हती गरज." मग कोट घालून कचऱ्याचे डबे आत आणायला खाली गेले.

मी नंतर माफी मागितली, अनेकदा मागितली. ते प्रत्येक वेळी "अगं, त्यात काय," म्हणतात. पण त्यांच्या भाचीच्या लग्नात भटजींनी मामा म्हणून त्यांना पुढे बोलावलं, तेव्हा ते उठले नाहीत. आधी माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "जाऊ का?"