लॉरेनबाईंचा निरोप

हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. सुनीतालाही नाही — आणि बायकोपासून इतकी वर्षं काही लपवणं सोपं नसतं. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

२००५ चा उन्हाळा. आम्ही अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरला राहायचो — मी, सुनीता आणि सहा वर्षांची आमची मैत्रेयी. ऑक्टोबरात आर.व्ही. भाड्याने घेऊन न्यू ऑर्लीन्सला जायचं ठरलं होतं. आर.व्ही. म्हणजे चाकांवरचं घरच — आत शेगडी, बेड, टॉयलेट, सगळं. नागपूरहून आलेल्या मला त्याचं केवढं अप्रूप! ऑफिसच्या प्रोजेक्टसारखी मी त्या ट्रिपची फाइल केली होती. मुक्काम कुठे, कुकर कुठल्या कपाटात. मैत्रेयीला मात्र एकच गोष्ट आवडली होती — तिथे खणलं की लगेच पाणी लागतं, म्हणून जुन्या कब्रस्तानांत माणसं जमिनीच्या वर ठेवतात. “So they don't float?” ती पुन्हा पुन्हा विचारायची. मी हसायचो.

न्यू ऑर्लीन्सच्या कडेला आर.व्ही. उभ्या करायचं एक छोटं कॅम्पग्राउंड होतं. तिथे फोन केला की लॉरेनबाई घ्यायच्या. साठीच्या असाव्यात, आवाज जाडसर, संथ. ‘वानखेडे’ त्यांना जमेना, म्हणून मी ‘मिस्टर वॉन’ झालो. आर.व्ही.ला जोडायचा पाण्याचा पाइप किती लांब आणायचा हे विचारायला मी फोन करायचो आणि अर्धा तास गप्पा व्हायच्या. बँड कुठल्या कोपऱ्यावर ऐकायचा, कुठल्या गल्लीत जायचं नाही. त्यांची धाकटी बहीण आमच्याच न्यू जर्सीत, ट्रेंटनला होती. कधी मैत्रेयी फोन घ्यायची आणि द्यायचीच नाही. त्या बाईंना मी कधी पाहिलं नाही. पण दोन महिने त्या आमच्या घरात होत्या, असंच म्हणायला हवं.

ऑगस्टच्या शेवटी वादळाच्या बातम्या सुरू झाल्या. शनिवारी दुपारी फोन वाजला. मी किचनमध्ये, फोनपासून हातभर अंतरावर उभा होतो. घेतला नाही. का? आता सगळं कॅन्सल, असं त्या सांगणार, आणि मग मला इंग्रजीत धीराचं काहीतरी बोलावं लागणार — त्याचाच कंटाळा आला. एवढंच कारण. आन्सरिंग मशीन सुरू झालं आणि त्यांचा आवाज आला.

बहिणीचा फोन सारखा एंगेज लागतोय, त्या म्हणाल्या. शेजाऱ्यांची गाडी भरून निघून गेली. घरी थांबणं बरं नाही, म्हणून त्या चर्चमध्ये चालल्या होत्या — कुठल्या रस्त्यावरचं, कुठल्या कोपऱ्यावरचं, सगळं सांगितलं. “वरच्या मजल्यावर असेन. मिस्टर वॉन, माझ्या बहिणीला तेवढं कळवा. ती मला घरीच शोधत बसेल.” मग नंबर सांगितला. दोनदा सांगितला. मग थोडा वेळ नुसता श्वास — आणि फोन ठेवला.

नंबर मी लिहून घेतला, फाइलमध्येच. रात्री करू म्हटलं. रात्री पाहुणे आले. रविवारी करू म्हटलं. सोमवार उजाडला, आणि मंगळवारी टीव्हीवर ते पाणी दिसलं — छपरापर्यंत. आता काय सांगायचं त्या बहिणीला? चार दिवस निरोप खिशात घालून फिरत होतो म्हणून? मी मशीनवरचा मेसेज पुसून टाकला. तो कागद फाडला.

त्या आठवड्यात सुनीताने विचारलं, “अरे, त्या लॉरेनबाईंचं काही कळलं?”

“हो,” मी म्हटलं. “बहिणीकडे ट्रेंटनला पोचल्या. बऱ्या आहेत.”

किती सहज आलं ते तोंडातून! सुनीताने डोळे पुसले. मैत्रेयीला जवळ घेऊन सांगितलं — तुझ्या मिस लॉरेन सुखरूप आहेत, बरं का.

त्यानंतर मैत्रेयी खेळण्यातल्या फोनवर त्यांच्याशी बोलू लागली. लहान मुलं खेळतात तसंच, असं मी स्वतःला सांगितलं. एका सकाळी मी बूट घालत होतो. ती पायरीवर बसून, फोन कानाला लावून, मान हलवत ऐकत होती. अगदी लक्ष देऊन. मग म्हणाली, “Still upstairs? Okay. I'll tell Daddy.”

माझा हात बुटाच्या नाडीवरच राहिला. वरच्या मजल्याचं तिला कुणी सांगितलं? त्या शनिवारी ती शेजारी खेळायला गेली होती — गेली होती ना? की आली होती परत, आणि टेबलाखाली होती, आणि मला तिथे फोन न घेता उभा असलेला पाहत होती? मी विचारलं नाही. आजतागायत विचारलेलं नाही. त्यानंतर घरात तो खेळण्यातला फोन दिसला की मी वळसा घालून जायचो.

ऑफिसमधून मी कॅम्पग्राउंडला फोन लावत राहिलो. नुसती रिंग जायची. कुठेतरी चिखलाने भरलेल्या खोलीत तो फोन खरंच वाजत असेल का? नोव्हेंबरात एकदा पलीकडून उचलला गेला. मी हॅलो म्हटलं. कुणी बोललं नाही. काहीतरी ठिबकत असल्यासारखा आवाज येत राहिला. मीच ठेवला. पुन्हा कधी लावला नाही.

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी घरचा फोन वाजला. सुनीता पोहे परतत होती, मैत्रेयी तिच्याजवळ उभी. मी घेतला. तोच जाडसर, संथ आवाज. क्षणभर लॉरेनबाईच वाटल्या — पण ती बहीण होती. कॅम्पग्राउंडच्या मालकाकडून तिने कॉल्सची यादी मिळवली होती. शेवटचा कॉल आमच्या नंबरवर होता. तीन महिने ती बहिणीच्या घराच्या आसपासच शोधत होती, म्हणाली. “ती कुठे जाणार होती, काही बोलली का?”

तेव्हाही सांगता आलं असतं. रस्ता, कोपरा, वरचा मजला — शब्द न् शब्द मला पाठ होता. पण सुनीता चार पावलांवर होती, आणि तिच्यासाठी लॉरेनबाई केव्हाच ट्रेंटनला पोचल्या होत्या.

“नाही,” मी म्हटलं. “मशीनवर नुसती खरखर होती.”

तिने विचारलं, “तिचा आवाज तरी घाबरलेला होता का?”

“मी फोन घेतला नव्हता,” मी म्हटलं. त्या सगळ्या बोलण्यात खरं एवढंच होतं.

तिने माझे आभार मानले. अगदी मनापासून. मी फोन ठेवला, तेव्हा मैत्रेयी माझ्याकडे बघत होती.