रिमोटमधला उजेड
कपाटातल्या रिमोटवर चढवलेल्या प्लास्टिकच्या कव्हरला अजून बामाचा वास येतो. राजापेठच्या घरी लकव्यातून उठलेले बाबा त्याच रिमोटनं कॉम्प्युटरवर खंजिरीची भजनं लावायचे. एका सकाळी कॉम्प्युटर अपडेट झाला आणि रिमोट चालेनासा झाला. नवे सेल टाकूनही काही होईना. "माह्या बोटातच जोर नाही राह्यला," म्हणत बाबांनी हात पांघरुणात लपवला. मग मी रिमोटसमोर मोबाईलचा कॅमेरा धरला आणि त्यांना बटण दाबायला लावलं. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा जांभळा उजेड मोबाईलवर लुकलुकला. "पाहा बाबा, तुमचं बोट बरोबर हाय. कॉम्प्युटरच ऐकून नाही राहिला." मी कॉम्प्युटरमध्ये रिमोट ओळखणारा जुना ड्रायव्हर प्रोग्राम परत टाकेपर्यंत ते तो उजेडच पाडत बसले. आता बाबा नाहीत. कव्हरचं प्लास्टिक त्या एका बटणावर झिजून फाटलंय. म्हणे, बोटात जोर नव्हता!