टाचणाबाहेरचा दगड

आमच्या मानखुर्दच्या शाळेत प्रत्येक पाठाचं आधी टाचण काढावं लागे. प्रस्तावना, हेतुकथन, प्रयोग, गृहपाठ, आणि प्रत्येकापुढे मिनिटं. नमनालाच घडाभर तेल. मला सगळ्यात गंमत वाटायची ती शेवटच्या रकान्याची. त्यावर ‘अपेक्षित उत्तर’ असं लिहिलेलं असे. मुलं काय बोलणार ते आम्ही आदल्या दिवशीच लिहून मोकळ्या व्हायचो, आणि मुलंही बिचारी तेच बोलायची.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी नवी होते, अजून कायम झाले नव्हते. घाटकोपरहून येणारे निरीक्षक साहेब माझा एक पाठ बघून काय शेरा देतात, त्यावर माझी नोकरी टिकणार होती. घरात कमावती मी एकटीच.

पाठ सातवीला, दोलकाचा. फळ्यावरच्या लांब खिळ्याला मी सुतळीने दगड टांगला. थोडा ओढून सोडला काय नि जरा जास्त ओढून सोडला काय, एका झोक्याला वेळ किती लागतो? वर्ग एका सुरात ‘सारखाच’ म्हणाला. मागच्या बाकावर साहेबांनी टाचणावर बरोबरची खूण केली. माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात एक मुलगी उभी राहिली. एरवी ही तोंड उघडेल तर शपथ.

“ओ बाई, त्या दगडाखाली अजून एक दगड लटकवला तर?”

टाचणात हे नव्हतं. तिला खाली बसवणं सोपं होतं, पण उत्तर मलाच माहीत नव्हतं आणि मला राहवेना. मी दुसरा दगड बांधला, दोन्ही उंच धरले, कुठे धरले तिथे खडूने खुणा केल्या आणि सोडले. खालच्याने गिरकी घेतली, थबकला, उलटा फिरला. पुन्हा त्याच खुणांवरून सोडले, तर चाल निराळीच. तेच दगड, तीच सुतळी, आणि पुढच्या क्षणाचा पत्ता नाही. माझ्या अंगावर काटा आला.

काही वर्षांनी, ट्रॉम्बेला संशोधनात असलेल्या माझ्या मेहुण्याने सांगितलं की याचं आता शास्त्र झालंय, केऑस थिअरी म्हणतात. नियम पक्के असतात, पण सुरुवातीला केसाएवढा फरक पडला तरी पुढचं सगळं बदलतं. मी विचारलं, मग भरलेल्या वर्गाचं टाचण काढायचं कसं? तो हसला. मला हसू आलं नाही. त्या पाठापासून वर्गात शिरताना मला देवळात शिरल्यासारखं वाटायचं.

त्या दिवशी साहेब उठून फळ्यापाशी आले. त्यांनी स्वतः दगड खुणांवर धरले, सोडले, पुन्हा धरले. गृहपाठाची मिनिटं केव्हाच गेली. घंटा झाली तरी एक पोर हलेना.

मग मला बाजूला घेऊन ते हळूच म्हणाले, “पाठ टाचणाप्रमाणे झाला, असं लिहितो. खरं लिहिलं तर तुम्ही कायम व्हायच्या नाहीत.”

मी मागच्या बाकावरचं टाचण त्यांना आणून दिलं. डोळे भरून आले होते. त्यांनी शेरा लिहिला, सही केली आणि त्या मुलीकडे वळले.

“काय गं, आता सोडला तर कुठे जाईल?”

तिने खालच्या दगडाकडे नीट पाहिलं.

“सोडल्याशिवाय कसं सांगू, साहेब?”

साहेबांनी पेन खिशाला लावलं आणि दोन्ही दगड तिच्या हातात दिले.