खाबुऱ्याच्या बागेतली श्यामा

मी चिपळूणचा निवृत्त मास्तर, पक्ष्यांपायी वेडा. मस्कतला उतरलो तेव्हा डोक्यात एकच पक्षी होता. मस्कतजवळ माबेल्याला राहणाऱ्या भाच्याने त्याचा फोटो पाठवला होता आणि माझी झोप उडाली होती. आपल्याकडच्या श्यामा पक्ष्याच्या शेपटीत पांढरं असतं, ह्याच्या शेपटीत पांढरं काहीच नाही, सगळी काळी. सुमात्राच्या पश्चिमेकडच्या बेटांवरची श्यामा! गाण्यापायी पकडून पकडून तिथल्या रानातून ती जवळजवळ संपवली आहे.

शुक्रवारी भाच्याने गाडीने किनाऱ्यावरच्या खाबुरा गावी नेलं. त्या श्यामाचा पिंजरा एका खजुराच्या बागेत होता. राखणदार सदानंद आमच्या गुहागरकडचे निघाले. त्यांनी आधी सुलेमानी (बिनदुधाचा चहा) पाजला.

"गुर्जी, अर्बाबानं (मालकानं) गान्यासाठी आणलान, पन ह्यो एकदापन गायला नाय. अर्बाब म्हनतो, खलास, देऊन टाकू कुनाला तरी. दुसरीकडं ह्यो जगायचा नाय हो. मीच त्याला किडं घालतो, मीच शीळ ऐकवतो."

गायला तर राहील, एवढं साधं होतं. माझ्या फोनमध्ये रानातल्या श्यामाचं गाणं होतं. आम्ही पक्षीवेडे असा आवाज ऐकवून पक्ष्याला बोलतं करतो. दोनदा वाजवायचं आणि थांबायचं, हे मीच शाळेत मुलांना शिकवलं होतं.

पहिल्यांदा पक्षी ताठ झाला. दुसऱ्यांदा गायला. आधी पाण्याच्या पंपाची घरघर काढली, मग एक लांब शीळ घातली. रानातलं त्याच्यापाशी काहीच उरलं नव्हतं.

सदानंदांचे डोळे भरून आले. "ही माजी शीळ हाय, गुर्जी! आता ठेवील अर्बाब त्याला."

मला अजून ऐकायचं होतं. तिसऱ्यांदा वाजवलं, चौथ्यांदाही. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं त्याला वाटलं असणार. तो तारांवर तुटून पडला. मी फोन बंद केला तरी थांबेना. सदानंदांनी पिंजऱ्यावर चादर टाकली. धडपड थांबल्यावर चादर काढली तेव्हा तो तळाशी पडला होता, चोचीतून रक्त येत होतं.

"मेला," सदानंद म्हणाले. निघताना खजुराची पिशवी माझ्या हातात दिली.

चिपळूणला परतून आता महिना झाला. दुर्बीण कपाटात आहे. लोभापायी मी त्याला मारला, आणि त्याच्या बेटावर तरी कितीसे उरलेत?

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, सदानंदकाका आता शीळ घालत नाहीत. विचारलं तर म्हणाले, ती त्येची होती."