हातात धरून वाजवलेली घंटी

सात रस्ता चौकामागच्या आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर सोनम राहते. तिचे वडील धुळाप्पा, म्हणजे सगळ्यांचे आप्पा. चाळीस वर्षं मंगळवेढ्याच्या माळावर मेंढरं राखलेला माणूस. काचबिंदूनं डोळे गेले तेव्हा सोनमनं त्यांना इथं आणलं, आणि तेव्हापासून दीड वर्ष ते जिना उतरले नव्हते. हात धरायला गेलं की म्हणायचे, "मला काय दावं लावून न्यायचं हाय का?" हा माणूस असाच खाटेवर बसून संपणार, या घोरानं सोनम खंगत चालली होती.

मी उत्कर्षा, पहिल्या मजल्यावरची. दिवसा कारकुनी करते, उरलेल्या वेळात गेम बनवते. 'कानोसा' हा माझा पहिलाच. काही डाउनलोड करायचं नाही, ब्राउझरमध्ये उघडायचा, हेडफोन घालायचा. पडदा पूर्ण काळा. हरवलेल्या सात मेंढ्या फक्त घंटीच्या आवाजावरून शोधायच्या, आवाज येईल त्या बाजूला पडद्यावर बोट सरकवत. एका शहाण्यानं त्याखाली लिहिलं होतं, 'स्क्रीन काळी पडते, गेम बिघडलाय.' त्याच्या अकलेवर मी दोन दिवस धुमसत होते.

शेवटी म्हटलं, ज्याला पडदा लागतच नाही अशा माणसाला खेळायला देऊ. एका रविवारी सोनम मंडईत गेलेली असताना मी आप्पांच्या कानावर हेडफोन चढवला आणि मोबाईल हातात दिला. आधी ते हसले. मग मान खाली घालून ऐकत राहिले. दहा मिनिटांत चार मेंढ्या सापडल्या! मला एका बैठकीत दोनच्या वर कधी सापडल्या नव्हत्या. मी हरखून गेले.

"घंटी खोटी हाय," आप्पा म्हणाले.

"खोटी कशी? बाजारातून आणलीय मी."

"आणली आसशील. पर हातात धरून वाजवलीयास. गळ्यातली आशी वाजत न्हाय. मेंढी चरताना दोनदा किणकिणती, मग थांबती, घास तोडती, मग पुन्यांदा."

तीन महिन्यांची मेहनत, आणि हे असं. खरंच मी ती स्वयंपाकघरात उभी राहून हलवली होती.

"आन दुसरं," ते म्हणाले, "मान वळवली की मेंढी बी संगट वळती. मग म्होरं हाय का मागं, कळावं कसं?"

हे दुखणं मला ठाऊक होतं. हेडफोन कानांबरोबर फिरतो, त्यामुळे आवाजही फिरतो. पण त्यांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं म्हणून मी चिडले. "आप्पा, नुसत्या कानांनी मागचं-पुढचं कुणाला एवढं कळतं?"

आप्पांनी हेडफोन काढला. "न्हाय कळत? चल खाली. दावतो."

दाराआडची जुनी काठी त्यांनी चाचपून घेतली आणि जिना उतरायला लागले. मी मागोमाग, जीव मुठीत धरून. हात धरायचं धाडस मला झालं नाही. फाटकाशी ते थांबले आणि मान सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवली.

"डावीकडं रिक्षा उभी हाय, चालूच. मागं कुणी झाडतंय. आन हितं म्होरं काय तरी मोठं उभं हाय, तिकडला आवाज दबतुया."

समोर दुधाचा टेम्पो होता. टेम्पोच्या कडेला भाजीची पिशवी घेऊन सोनम उभी होती, तोंडावर हात दाबून.

"सोनम," आप्पा म्हणाले, "तितं का थांबलीस? चप्पल वळखली की मी."

सोनम भर रस्त्यात ढसाढसा रडली. मीही रडले, लाजायचं काय त्यात.

घंटी मी पुन्हा रेकॉर्ड केली, खऱ्या मेंढीच्या गळ्यातली. मागचं-पुढचं मात्र अजून जुळलेलं नाही. आप्पा आता रोज सकाळी काठी घेऊन एकटे कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे जातात. जाताना माझं दार वाजवतात. "तुजं जुळंस्तवर मी रोज ऐकून येतो, कुटं चुकतंय त्ये."

मी म्हणते, "या ऐकून, आप्पा." ती चूक दुरुस्त करायची मला आता मुळीच घाई नाही.