तिसरा थर

निर्वात पेटीच्या काचेला डोळा लावून आत्या सव्वीस वर्षं धातूचे थर चढवत आली. सिलिकॉनच्या चकतीवर आधी ॲल्युमिनियम, त्यावर लोखंड; दोन्ही इतके पातळ की चकतीचा रंग जेमतेम बदलावा. मग चकती भट्टीत ठेवून वायू सोडला की लोखंडाचे बारीक मणी होतात आणि मण्यामण्यातून कार्बनची एकेक नळी उभी राहते. नळ्या दाटीनं वाढतात. डोळ्यांना दिसते ती नुसती काळी मखमल.

"आमची ताई काजळी पिकवते," बाबा चिडवायचे.

नऊ वर्षांपूर्वी लोखंडानंतर तिच्या हातून ॲल्युमिनियमची झडप पुन्हा उघडली. चार सेकंद. तिनं आपणहून प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, सरांना सांगितलं.

"चकती फुकट घालवलीत, बाई," सर म्हणाले. "लेखी द्या."

तिनं लिहून दिलं. चकती मात्र टाकवेना, म्हणून भट्टीत ठेवली. मखमल तिप्पट उंच निघाली. वरच्या थरानं मणी एकमेकांत मिसळूच दिले नव्हते. तिनं ती सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

तीन थरांचा शोधनिबंध सरांच्या नावानं छापून आला. सत्काराला आत्यानं खुर्च्या मांडल्या.

यंदा वरिष्ठ तंत्रज्ञाची जागा निघाली. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. पुन्हा संधी नव्हती. मुलाखतीत निवड समितीच्या अध्यक्षांनी फाइलीतून तोच कागद काढला. सर शेजारीच बसले होते.

"ही चूक तुमचीच ना?"

"हो. पण सरांचा शोध म्हणजे हीच चूक."

अध्यक्षांनी सरांकडे पाहिलं. सर चष्मा पुसत होते. "बाई कष्टाळू आहेत," ते म्हणाले, "पण त्यांची जरा गल्लत होतेय."

"मुद्दाम केलं होतंत?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही."

"मग चूकच. आणि मुद्दाम म्हणालात, तर विनापरवानगी होतं. काय लिहू?"

"आहे तेच राहू द्या."

जागा दुसऱ्याला गेली.

"तोंड उघडायचंस ना, ताई," बाबा म्हणाले.

"उघडलं होतं," म्हणत तिनं डबा घासायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सरांची चिठ्ठी आली: सहा चकत्या, तीन थर, नेहमीप्रमाणे. तिनं झडप दुसऱ्यांदा उघडली, चार सेकंद मोजले, बंद केली. नोंदवहीत पहिल्या थरापुढे ॲल्युमिनियम लिहिलं, दुसऱ्यापुढे लोखंड. तिसऱ्यापुढे लिहिलं, चूक.

वहीची तेरा पानं आता तशीच भरली आहेत. प्रत्येक पानाखाली सरांची सही आहे.